गाळलेलं गाणं

तिसगावात सिनेमावरून भांडायचं असेल तर लालमहंमद शेखांच्या पिठाच्या गिरणीत जावं लागतं. चहाच्या टपरीवर राजकारण चालतं, पारावर कांद्याचे भाव चालतात, आणि सिनेमा गिरणीत. हे कुणी ठरवलेलं नाही. दळणाला वेळ लागतो, डबा नंबरात ठेवून घरी जाऊन परत यायचा माणसाला कंटाळा येतो, आणि रिकामा बसलेला माणूस भांडणार नाही तर काय करणार? माझं झेरॉक्सचं दुकान बरोबर समोर आहे. गिरणीचं पीठ उडून माझ्या मशीनच्या काचेवर बसतं, कागदावर ठिपके उमटतात, आणि गिऱ्हाईक मला बोल लावतं. तरी दिवसातून एकदा मी दुकान उघडं टाकून समोर जाऊन बसतोच. मी आदिनाथ. त्या भांडणांचा मला खरं तर कधीचाच वीट आलाय, पण दुसरीकडं जाऊन बसायचं म्हटलं तरी अंगात तेवढा उत्साह पाहिजे.

भांडण सगळं एकाच गोष्टीचं. एक जुनं संगीत नाटक होतं. त्याच्यावर पुढं सिनेमा निघाला. आणि आता परवा त्या सिनेमावरून पुन्हा नवा सिनेमा निघाला. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच एक बाजू धरतो, आणि आणखी एक बाजू ऐकून घ्यायची ताकद माझ्यात उरलेली नाही. गोष्ट साधी आहे. एक कुंभाराची सून दुष्काळात घर सोडून निघते आणि निघण्याआधी त्या घराचा निरोप घेते. ते निरोपाचं गाणं म्हणजे सगळ्याचा जीव. नाटकाचं नाव विसरलेल्या माणसालाही ते गाणं पाठ असतं. आमच्याकडं लग्नात मुलगी निघाली की बँडवाला तेच वाजवतो आणि सगळ्या बायका एकदम पदर डोळ्याला लावतात.

गहिनीनाथ हे नाटकाच्या बाजूचे. त्यांची डाळिंबाची बाग आहे, भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांच्या वडिलांनी नाटक कंपनी गावाला आली तेव्हा पेटीला साथ केली होती, आणि गहिनीनाथांनी पडद्याआड बसून ते सगळं पाहिलेलं. त्यांचं म्हणणं, नाटक तेच खरं. सिनेमावाल्यांनी गाणी कातरली, निरोपाच्या गाण्याचं एक कडवं खाल्लं, आणि मागं ढीगभर व्हायोलिनं लावून बाईचा आवाज बुडवला. लालभाई सिनेमाच्या बाजूचे. त्यांनी तो मढीच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजला पाहिला. इतक्या वेळा पाहिला की दारावरचा माणूस शेवटी तिकीट विचारेनासा झाला. ते म्हणायचे, नाटकात मागच्या रांगेतल्याला बाईचं तोंडच दिसत नाही, सिनेमात तिच्या डोळ्यातलं पाणी दिसतं, मग मोठं कोण?

या दोघांचं मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय. लालभाई ‘आज ऊन लई हाय’ म्हणाले तर गहिनीनाथ डोक्यावरची टोपी काढून मुद्दाम उन्हात बसणार. सगळ्या जन्मात त्या माणसानं लालभाईंचं एक वाक्य खरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. अलीकडं यात मेडिकलवाली रेश्मा येऊन मिळाली. ती शिकलेली पोरगी, दळणाचा डबा खाली ठेवत सांगते की जुन्याचं जुन्यापाशी ठेवा, नव्याला त्याच्या पायावर उभं राहू द्या. मग दोघे म्हातारे मिळून तिच्यावर तुटून पडतात. मिळून म्हणजे दोन वेगवेगळ्या बाजूंनी.

या भांडणाला एक रीत आहे. नगरला सिनेमा बघायला आम्ही सगळे माझ्या जुन्या ओम्नीतून जातो. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडात अजून नगरच आहे. परत येताना गाडीत कुणी सिनेमाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. पूर्वी एकदा करंजीच्या घाटात दोघांची इतकी जुंपली होती की मी गाडी कडेला लावून खाली उतरून बसलो आणि भांडण मिटेपर्यंत चढलो नाही. तेव्हापासून गाडीत तोंडाला कुलूप. गिरणीत यायचं, पोत्यांवर बसायचं, आणि पहिला शब्द लालभाईंचा. ते वयानं मोठे, आणि पोतीही त्यांचीच. त्यांनी चांगलं की वाईट ते सांगायचं, मग बाकीच्यांनी तुटून पडायचं. पहिला शब्द हा लालभाईंचा मान होता. गावात दुसरा कुठला मान त्यांनी कधी मागितला नाही. ग्रामपंचायतीला उभं राहा म्हणून लोक मागं लागले होते, तेव्हा म्हणाले, माझं इथं बरं चाललंय.

गिरणी त्यांच्या वडिलांची. तेव्हा तेलाच्या इंजिनावर चालायची, नंतर लाईट आली. दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं टाकी लावायची, पट्टा चढवायचा, बाजरी झाली की गहू घ्यायचा, हे सगळं ते एकट्यानं करत आले. आणि करताना गात आले. गिरणी सुरू झाली की तिची तंबोऱ्यासारखी एक घुमणारी आस लागते. लालभाई त्या आवाजात आपला सूर मिळवायचे. गिरणीच्या आवाजात दुसऱ्याला फार ऐकू जात नाही, म्हणून मोकळा गळा सोडायचे. मी समोरून ऐकायचो. गाणं बहुतेक वेळा तेच, निरोपाचं. त्यांच्या मुलीचं, आलियाचं, लग्न झालं, ती राहात्याला निघाली, तेव्हा बँडवाल्यानं ते वाजवायला घेतलं, तर लालभाईंनी हात वर करून बँड थांबवला आणि स्वतः म्हटलं. भर मांडवात. गहिनीनाथांनी नंतर तिसऱ्या ओळीतली चूक काढली, पण गाणं ऐकताना त्यांचेही डोळे भरलेले मी बघितले होते.

आता मुख्य गोष्ट. लालभाईंना ऐकू येणं कमी होत गेलं होतं. एकदम नाही, कित्येक वर्षं, हळूहळू. आणि ते आम्हा कुणाला कळलं नाही. याला कारण ती गिरणीच. गिरणीत कुणीच कुणाचं कानांनी ऐकत नाही. बायका डबा पुढं करून तोंड मोठं उघडून म्हणतात, जाड, बारीक, आणि गिरणीवाला तोंडाकडं बघून समजून घेतो. जन्मभर हेच काम केलेल्या माणसाला ओठ वाचता येतात, यात नवल कसलं? पूर्वी लाईट गेली की गिरणी बंद पडायची, शांत व्हायचं, आणि तीच आमची भांडणाची वेळ असायची. गेल्या काही वर्षांत लालभाई उलटं करायला लागले होते. आम्ही भांडायला बसलो की ते उठून गिरणी चालू करायचे. मग सगळे ओरडून बोलायचे, एकमेकांसमोर तोंड करून. म्हातारा तऱ्हेवाईक झालाय, म्हणून आम्ही सोडून दिलं. त्यांचा सूरही उतरायला लागला होता. मला वाटायचं, वय.

मला हे सांगितलं ते लालभाईंच्या बायकोनं, शमशादभाभींनी. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या, काढून झाली तरी उभ्याच राहिल्या. आलियानं दोन वर्षांपूर्वी कानाचं मशीन आणून दिलंय, ते कपाटात पडून आहे, म्हणाल्या. गिरणीत ते घातलं की डोक्यात घण पडल्यासारखं होतं, आणि गाणं त्यातून पत्र्यावर खडे पडल्यासारखं येतं. एकदा मोबाईलवर निरोपाचं गाणं लावून मशीन घालून ऐकलं, आणि काढून ठेवलं ते ठेवलंच. नव्या सिनेमाची जाहिरात आल्यापासून माणूस हरखून गेलाय, जो येईल त्याला सांगतोय की आता बघू, काय दिवे लावलेत ते.

“आदिनाथभाऊ, त्यांना न्हेऊ नका,” त्या म्हणाल्या. “तिथं काय ऐकू यायचं न्हाई. आन् मग सगळ्यांम्होरं बसून काय बोलतील? एवढं एकच हाय वो त्यांच्यापाशी.”

मी बघतो म्हणालो. बघतो म्हणजे काय करणार? मी गाडी बिघडल्याचं सांगितलं. लालभाई स्वतः जाऊन फिटरला घेऊन आले. फिटरनं बॉनेट उघडलं, बंद केलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच ओशाळलो. मग म्हणालो, सिनेमा फार चालत नाहीये म्हणे, टीव्हीवर येईलच. त्यावर लालभाई म्हणाले, “टीव्हीवर काय सिनेमा असतो व्हय?” आणि या एका वाक्यावर मात्र रेश्माही त्यांच्या बाजूची निघाली. माझ्यात पुढं खोटं बोलायचा दम नव्हता. मनात म्हटलं, मोठ्या आवाजाची टॉकीज आहे, अंग हादरतं आवाजानं, तेवढ्यात त्यांचं भागेल.

दुपारच्या खेळाला गेलो. लालभाईंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी त्यांच्या शेजारी बसलो, पलीकडं रेश्मा, तिच्या पलीकडं गहिनीनाथ. सिनेमा सुरू झाला आणि पहिली दोन-तीन गाणी अशी दणक्यात आली की खुर्च्या थरथरल्या. लालभाईंनी खुर्चीच्या हातावर तळवा टेकवला होता. ते ताल धरत होते, आणि बरोबर धरत होते. मला हायसं वाटलं. नाचात चेहरे सगळे समोर, ओठ स्पष्ट, म्हातारा खुशीत. गहिनीनाथ मधून मधून तोंडानं चक् चक् करत होते, म्हणजे तेही खुशीत.

मग ती जागा आली. सून घर सोडून निघणार. आम्ही सगळे जरा सावरून बसलो. आणि त्या नव्या दिग्दर्शकानं काय करावं? व्हायोलिन नाही, पेटी नाही, तबला नाही. बाई मोरीत बसून भांडी घासतेय, शेवटची. आपल्याकडं पाठ. आणि घासता घासता ती गुणगुणायला लागते, तोंडातल्या तोंडात, कामाच्या नादात बायका गातात तसं. तेच निरोपाचं गाणं, सगळी कडवी, जुन्या सिनेमानं गाळलेलंसुद्धा. चेहरा एकदाही दाखवला नाही. फक्त पाठ हलतेय, आणि राखेचा हात. टॉकीजमध्ये इतकं शांत झालं की मागं कुणी तरी नाक ओढलेलं ऐकू आलं. रेश्मा रडत होती. मी खरं सांगतो, मलाही आवरेना.

आणि मी लालभाईंकडं बघितलं. ते वाट बघत होते. थोडं पुढं वाकून, मान उंच करून, आता ती वळेल, आता सुरू होईल, असं. तळवा खुर्चीच्या हातावर तसाच, काही लागतंय का ते बघत. बाई उठली, भांडी पालथी घातली, दाराबाहेर पडली. लालभाईंनी माझ्याकडं बघितलं. तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी समोर बघत राहिलो. दुसरं काय करायला पाहिजे होतं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

परत येताना घाटात नेहमीसारखं कुणी बोललं नाही. रीतच तशी. त्या रीतीचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. गाडीत कुणी एक वाक्य बोललं असतं, त्यांच्याकडं वळून नुसतं ‘पाठमोरी गायली बघा’ म्हणालं असतं, तरी त्यांना धागा लागला असता. पण रेश्मा खिडकीतून बाहेर बघत होती आणि गहिनीनाथ डोळे मिटून बसले होते. तोंड उघडायचं माझ्याही मनात आलं, पण मागं बसलेल्या माणसाला माझे ओठ दिसणार नव्हते.

गिरणीत आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. लाईट होती, पण लालभाईंनी गिरणी चालू केली नाही. पोत्यावर बसले, शर्टाची बाही दुमडली. बोलायला सुरुवात केली ती अगदी जुन्या तोऱ्यात. कपडे चांगले, रंग चांगले, नाच जरा जास्त. मग थांबले आणि म्हणाले, “पर गाणंच गाळलं. निरोपाचं गाणंच काढून टाकलं. आरं, मग सिनेमा काढला कशाला? ती बाई नुसती भांडी घासतीय आन् निघून जातीय. जीवच काढून घेतला त्यांनी.”

  रेश्मानं माझ्याकडं बघितलं. तिला काही कळेना, मग हळूहळू कळायला लागलं, आणि तिचं तोंड उघडलं. ती खोटं बोलणारी पोरगी नाही. ती म्हणणार होती, चाचा, गाणं होतं. मी तिला खूण करणार तेवढ्यात गहिनीनाथ बोलले.

ते लालभाईंकडं तोंड करून, सावकाश, एकेक शब्द म्हणाले, “व्हय. गाणं काढलं त्यांनी. लालमहंमदचं खरं हाय.”

आता हे ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. म्हातारा शहाणा निघाला. रेश्माही खाली बघून मान हलवायला लागली. मीही म्हणालो, हो, गाळलं खरं. तिघांनी मिळून एका माणसाला सांभाळून घेतलं, असं मला वाटलं. भांडण झालं नाही. पहिल्या शब्दानंतर दुसरा शब्दच आला नाही.

लालभाई गहिनीनाथांच्या तोंडाकडं बघत राहिले. बराच वेळ. मग उठले, भिंतीवरचा मोठा खटका खाली केला, आणि म्हणाले, आज दळण नाही. जे डबे रांगेत होते ते तसेच राहिले. आम्ही एकेक करून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बायका डबे घेऊन यायच्या, कुलूप बघायच्या आणि माझ्या दुकानात येऊन विचारायच्या. मी म्हणायचो, तब्येत बरी नाही. माझ्या काचेवर पीठ बसेनासं झालं. झेरॉक्स इतक्या स्वच्छ निघत होत्या, आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. भाभी दारात दिसायच्या, पण बोलायच्या नाहीत. त्यांनी सांगून ठेवलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. हे त्यांनी तोंडानं म्हणायची गरजच नव्हती.

बाजाराच्या दिवशी सकाळी लालभाई माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर. दाढी वाढलेली. मी चहा सांगायला उठलो तर नको म्हणाले. मग सरळच विचारलं.

“गाणं हुतं, न्हवं?”

मी हो म्हणालो. त्यांच्याकडं तोंड करून म्हणालो. कुणी सांगितलं, असं विचारलं. मला वाटलं भाभींनी, नाही तर आलियानं फोन करून.

“कुनी कशाला सांगाया पायजे?” ते म्हणाले. “गहिनीनं माझं खरं म्हनलं. जल्मात कधी म्हनला न्हाई. तवाच समाजलं, माझी कीव करतोय. आन् तुमी सगळ्यांनी माना हलवल्या.”

 आम्ही त्यांना वाचवायला गेलो आणि त्याच एका गोष्टीनं त्यांना पकडून दिलं. मी नुसता काच पुसत राहिलो.  मग म्हणाले, गाण्याचं दुःख आहेच, पण त्यापेक्षा ते दमलेत. सकाळपासून माणसांच्या तोंडाकडं बघायचं. कोण हसलं तर हसायचं. कोण मागून बोललं असेल म्हणून मध्येच वळून बघायचं. घरी शमशादला दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मग हो म्हणून टाकायचं, आणि कशाला हो म्हटलं ते दुसऱ्या दिवशी कळतं. “ऐकल्यावानी करायचा लई शीण हाय, आदिनाथ,” ते म्हणाले. “राती झोप लागती ती त्या शिणानंच.” एवढं सगळं सांगितलं, पण ऐकू येत नाही हे शब्द त्यांनी वापरले नाहीत. तेवढं एक राखून ठेवलं होतं.

जाताना म्हणाले, गहिनीला बोलावून घे.

मी फोन केला. गहिनीनाथ दुपारी आले, डबा घेऊन, दळण असल्यासारखे. डबा रिकामा होता, खाली ठेवताना वाजला. गिरणीचं दार अर्धं उघडलेलं. लाईट गेली होती, त्यामुळं आत अंधारलेलं आणि शांत. रेश्मा मेडिकल बंद करून माझ्या मागोमाग आली. तिला यायला नको म्हणावं असं मला वाटलं, पण म्हणालो नाही. सगळे आपापल्या पोत्यांवर बसलो.  मी तर त्या दिवशी उठून कायमचं घरी जायला तयार होतो.

लालभाईंनी विचारलं, खोटं का बोललास? गहिनीनाथ खाली बघून म्हणाले, तुझ्या तोंडाकडं बघून. लालभाईंना ते दिसलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. गहिनीनाथांनी मान वर केली आणि पुन्हा सांगितलं. मग लालभाई म्हणाले, ते जाऊ दे, गाणं कसं होतं ते सांग.

गहिनीनाथांनी सांगितलं. पाठमोरी बसली होती, पेटी-तबला काही नव्हतं, कामात बाई गाते तसं गायली, आणि सिनेमावाल्यांनी पूर्वी खाल्लेलं कडवं या वेळी घेतलं. सांगताना त्यांचे हात भांडी घासल्यासारखे हलत होते. लालभाईंचे डोळे त्यांच्या ओठांवर. सांगून भागेना, तेव्हा गहिनीनाथांनी म्हणूनच दाखवायला घेतलं. पेटी नाही, काही नाही, त्या अंधारलेल्या गिरणीत, अगदी हलक्या आवाजात, पण तोंड नीट उघडून, एकेक अक्षर दिसेल असं. त्यांचा गळा आता थकलाय, तरी सूर पक्का आहे. सगळी कडवी म्हटली. रेश्मा पुन्हा रडायला लागली. लालभाईंचे ओठ बरोबरीनं हलत होते, आवाज न काढता.

गाणं संपलं. मला वाटलं, आता म्हातारा रडेल, गळ्यात पडेल, आणि आम्ही सगळे घरी जाऊ. लालभाईंनी बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाले, “तिसऱ्या ओळीला सूर चुकला तुजा.”

गहिनीनाथांचा चेहरा एकदम लाल झाला. पेटीवाल्या घरातला माणूस, त्याला हे! ते ताडकन उभे राहिले. “माजा सूर चुकला?” ते ओरडले. “तुला काय कळतंय रं, बहिऱ्या?”

रेश्माच्या हातातली किल्ल्यांची जुडी खाली पडली. मी डोळे मिटून घेतले. तो शब्द कित्येक दिवस आम्ही सगळ्यांनी तोंडाआड धरून ठेवला होता, भाभींनी, आलियानं, मी, आणि तो असा भर गिरणीत, भसकन बाहेर आला होता. गहिनीनाथांनाही ते कळलं. उभ्या उभ्या त्यांचे हात खाली आले.

मी डोळे उघडले तर लालभाई हसत होते. कित्येक दिवसांत हसले नव्हते तसे, दात दाखवून. पोत्यावर मागं रेलले, पाय लांब केले. किती थकलेला माणूस आहे हा, ते मला तेव्हा दिसलं. आणि आता तो टेकलाय, हेही दिसलं.

“आत्ता कसं बोललास,” ते म्हणाले. “बस खाली. जुना सिनेमा चांगला का हा नवा, ते सांग.”

गहिनीनाथ बसले.  दोन्ही भिकार आहेत, म्हणाले, नाटकाच्या पायाशी बसायची त्यांची लायकी नाही. बोलता बोलता त्यांनी सवयीनं तोंड दाराकडं फिरवलं, आणि पुढचे शब्द रस्त्याकडं गेले.

लालभाईंनी हात पुढं करून त्यांचा दंड धरला. “इकडं बघून भांड,” ते म्हणाले. “मला ऐकू येत न्हाई.”

गहिनीनाथांनी पोतं ओढून त्यांच्या समोर घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.